मिरजेच्या फलाटावरून देवनहळ्ळीच्या धावपट्टीकडे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप घेऊन मंडळाचे कार्यवाह आमच्या जयनगरच्या घरी आले, तेव्हा आम्ही माळ्यावरची एक जुनी लोखंडी ट्रंक खाली उतरवण्याच्या खटपटीत होतो. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले आमच्या तीर्थरूपांचे नाव अद्याप वाचता येते, आणि त्याखाली ‘बेंगलोर, व्हाया मिरज’ अशी अक्षरे आहेत. कार्यवाहांचे वय चाळिशीच्या आतले. त्यांनी ती अक्षरे वाचली आणि विचारले, “व्हाया मिरज म्हणजे काय हो काका?” त्यांना समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला, चहा थंड झाला आणि ह्या लेखाचा विषयही मिळाला.

बंगळूरच्या मराठी माणसाचे गावाकडे जाणे पन्नास वर्षांत कसे बदलले, ते येथे सांगावयाचे आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आणून द्यावीशी वाटते. विमान ह्या वस्तूशी बंगळूरच्या मराठी मंडळींचे नाते फार जुने आहे. पण ते विमानात बसण्याचे नव्हे, विमान बनवण्याचे. बसण्याचा योग पुष्कळ मागाहून आला, आणि आमच्या पिढीतील बहुतेकांच्या बाबतीत तो हौसेखातर आला नाही.

महाराष्ट्र आणि बंगळूर यांच्यामधील वाट तशी आजची नाही. १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या ताब्यात आले आणि भोसल्यांचा कुटुंबकबिला पुण्याहून ह्या बाजूस ये-जा करू लागला. घोडी, मेणे, बैलांचे तांडे, आणि वाटेत कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, तुंगभद्रा ह्या नद्या. पावसाळ्यात एखादी नदी उतरली नाही म्हणजे तिच्या काठी मुक्काम ठोकून बसावयाचे. पुढे आगगाडी आली आणि आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला, तरी अडथळ्याचे एक ठिकाण उरलेच. ते म्हणजे मिरज. पुण्याहून मिरजेमार्गे कोल्हापूरला जाणारा लोहमार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. मिरजेपासून बंगळूरपर्यंतचा मात्र मीटरगेजच राहिला आणि तो बदलावयास नव्वदीचे दशक उजाडले. ही मधली वीस-पंचवीस वर्षे जयनगरच्या मराठी कुटुंबांनी मिरजेच्या फलाटावर काढली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. छोटी गाडी उशिरा पोहोचावी, मोठी गाडी सुटून गेलेली असावी, मग ट्रंकेवर बसून पुढच्या गाडीची वाट पाहावी. मुलांनी रडावे आणि आमच्या सौ.नी पितळी डब्यातील दशम्या काढाव्यात. हे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘व्हाया मिरज’चा अर्थ सांगावा लागत नाही.

आता विमानाकडे वळू.

मराठी माणसापुढे विमानाचे नाव काढले की प्रथम शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघते. १८९५ साली त्यांनी गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेचा एक धागा ह्याच शहराशी येऊन मिळतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आमच्या जयनगरच्या दक्षिणेस असलेल्या आनेकल गावचे सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेला ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ पुढे म्हैसूरहून प्रसिद्ध झाला, आणि तळपदे यांना शास्त्रीबुवांचे मार्गदर्शन होते असे सांगितले जाते. १९७४ मध्ये येथील भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्या ग्रंथातील विमानांची शास्त्रीय छाननी केली आणि ती उडू शकणार नाहीत, असा स्वच्छ निर्वाळा दिला. चौपाटीवरील उड्डाणालाही विश्वासार्ह असा समकालीन पुरावा मिळालेला नाही. अभिमानासाठी आपणांस ह्या कथेची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही, कारण पुढे जे खरोखर घडले ते तिच्याहून सरस आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. ‘पस मॉथ’ जातीचे ते एका इंजिनाचे चिमुकले विमान होते. जुहूहून पुढे मद्रासपर्यंत टपाल नेण्याचे काम त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केले आणि वाटेतील त्यांचा थांबा होता बळ्ळारी. म्हणजे मुंबईला कन्नड मुलखाशी जोडणारी पहिली नियमित हवाई वाट बंगळूरला नव्हे, बळ्ळारीला आली. प्रवासी त्यात जवळजवळ नसतच, पत्रे असत. विमानाने माणसांआधी पत्रांना गावी पोहोचवले.

बंगळूरच्या विमान कारखान्याचा जन्म तर एका विमानप्रवासातच झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद १९३९ मध्ये अमेरिकेहून परत येताना पॅन अमेरिकन कंपनीच्या उडत्या बोटीतून पॅसिफिक महासागर ओलांडत होते. त्याच विमानात विल्यम पॉली नावाचे अमेरिकन गृहस्थ होते. त्यांनी चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवला होता. त्या काळी पॅसिफिक ओलांडावयास कित्येक दिवस लागत, बेटाबेटांवर मुक्काम होत. तेव्हा दोन सहप्रवाशांच्या गप्पांना वेळेची वाण नव्हती. चीनमध्ये होते ते हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न त्या गप्पांतून निघाला. वालचंदांनी सरकारदरबारी खेटे घातले, जागेचा शोध केला आणि अखेर म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन व भांडवल देऊ केल्यावर डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी ‘हार्लो’ जातीचे शिकाऊ विमान येथे जोडून तयार झाले. १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि त्यांचा ह्या कारखान्याशी असलेला संबंध संपला. जहाजे, मोटारी, विमाने, साखर अशा अनेक उद्योगांत त्यांनी हात घातला; पण केवळ सहप्रवाशाशी झालेल्या बोलण्यावरून एवढा कारखाना उभा करणारा हा बहुधा पहिलाच मराठी मुलखातील प्रवासी असावा. विमानात शेजाऱ्याशी दोन शब्द बोलावेत, हा आमचा सल्ला ह्याच इतिहासातून आलेला आहे.

वालचंदांनी कारखाना दिला आणि डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी त्याला स्वतःचे विमान दिले. घाटगे हे कोल्हापूरकडील हसूरचे. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वायुगतिशास्त्रात प्रांटल यांच्या नावाचा दबदबा केवढा होता, हे त्या क्षेत्रातील मंडळी जाणतात. घाटगे बंगळूरला आले, विज्ञान संस्थेत विमानविद्येचे शिक्षण सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि नंतर कारखान्यात मुख्य आरेखक म्हणून ‘एच-टी-२’ हे दोन आसनी शिकाऊ विमान सिद्ध केले. १९५१ साली ते प्रथम उडाले. दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली आणि आपल्या वायुदलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यांवरच उडावयास शिकल्या. पुढे १९६४ मध्ये ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान झाले, तेही घाटगे यांच्याच देखरेखीखाली. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना निघाला आणि बंगळूर–ओझर अशा बदल्यांनी मराठी कुटुंबांची एक नवी ये-जा सुरू झाली.

आम्ही १९७३ मध्ये ह्या कारखान्याच्या पत्राकाम विभागात लागलो. राहावयास जयनगर. राजाजी गव्हर्नर जनरल असताना १९४८ मध्ये ज्या वसाहतीची कोनशिला बसवली, ती तोवर चांगली नांदती झाली होती. टेलिफोन, घड्याळे, रेडिओ, विमाने असे जे जे सरकारी कारखाने बंगळूरला निघाले, त्यांतून मराठी माणसे आली आणि त्यांतील कित्येकांनी येथे बिऱ्हाडे केली. दिवसभर आम्ही ‘किरण’च्या पंखांचे पत्रे रिव्हेटांनी जोडत असू आणि वर्षातून एकदा, रजा मिळाली की, ट्रंक उचलून मिरजेची गाडी धरत असू. ह्यात काही विसंगती आहे असे तेव्हा कोणाच्याही मनात आले नाही. विमान हे साहेबांनी, मंत्र्यांनी आणि सिनेनटांनी बसावयाचे वाहन होते. आम्ही ते करीत होतो, एवढेच.

विमानप्रवास तेव्हा नव्हता असे मात्र नव्हे. १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची एक विलक्षण योजना चालू होती आणि तिचे मध्यवर्ती ठाणे होते आपले नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत जो तो आपापल्या गावी परते. प्रवासीही तसेच विमान बदलत. आगगाडीला जसे मिरज, तसे विमानाला नागपूर. फरक इतकाच की येथे वाट पाहताना उपाहारगृहातील पांढऱ्या मेजांवर भोजन मिळे. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खाजगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स निघाली. तिच्याकडे प्रामुख्याने युद्धातील जुनी डाकोटा विमाने होती. मग व्हायकाउंट, फॉकर फ्रेंडशिप, कॅरव्हेल, ॲव्रो आणि सत्तरीच्या आरंभी बोइंग अशी चढती भाजणी लागली. १९८५ साली कप्तान सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह फॉकर विमान नेले. त्यातील सर्व कर्मचारी महिला होत्या. ती बातमी आमच्या सौ.नी वर्तमानपत्रातून कापून कपाटाच्या दाराला चिकटवली होती. विमानात बसण्याचा प्रसंग मात्र त्या कपाटाच्या मालकिणीस पुढे बारा वर्षे आला नाही.

१९७९ च्या पावसाळ्यात एका दुपारी तार आली. तीर्थरूप अत्यवस्थ होते. कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या गावी पोहोचावयाचे होते. त्याच रात्रीच्या गाडीने निघालो, दुसऱ्या दिवशी मिरजेस मोठी गाडी चुकली, कोल्हापूरहून शेवटची यस्टी गेलेली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचलो तेव्हा अंगणात शेणाचा सडा घातलेला होता व थोरले बंधू ओल्या केसांनी ओसरीवर बसले होते. कोणी काही बोलले नाही. आम्हांस नंतर ज्या गोष्टीचे नवल वाटले ती ही, की तार हातात पडल्यापासून विमानाचा विचार क्षणभरही आमच्या मनाला शिवला नव्हता. कारखान्याच्या कुंपणापलीकडेच धावपट्टी होती. तेथून मुंबईस विमाने जात होती.

परगावी राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात अशी एक तरी तार आहे. विमानप्रवासाचा इतिहास आम्ही त्या तारेच्या बाजूने पाहतो, सहलीच्या बाजूने नव्हे, ह्याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

त्या धावपट्टीची दुसरी आठवण १४ फेब्रुवारी १९९० ची आहे. मुंबईहून येणारे इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान भर दुपारी, स्वच्छ हवेत, उतरण्याच्या बेतात असताना इंजिने मंद गतीवर राहून धावपट्टीआधीच गोल्फच्या मैदानावर आदळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ दगावले. विमान अगदी नवे होते. आपल्याकडे त्या जातीची विमाने येऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही त्या वेळी पाळीवर होतो आणि धूर आमच्या डोळ्यांनी पाहिला. मुंबई–बंगळूर हे विमान म्हणजे मराठी माणसांचे विमान. त्या संध्याकाळी जयनगरात ज्यांच्याकडे दूरध्वनी होता, त्यांच्या दारी शेजारीपाजारी रांग लावून उभे होते. ए-३२० विमाने त्यानंतर काही महिने जमिनीवरच ठेवण्यात आली. तेव्हापासून विमानात बसल्यावर सर्वांत जवळचे दार आपल्या पुढे वा मागे किती रांगांवर आहे, हे आम्ही बोटांनी मोजून ठेवतो. सौ. हसतात. पण ही सवय वाचकांनीही लावून घ्यावी. खर्च काही नाही.

१९९७ मध्ये मातुःश्री डोंबिवलीस आमच्या भगिनीकडे होत्या. या खेपेस तार नव्हती. भावजींचा फोन सकाळी आला. चिरंजीव नुकतेच नोकरीस लागले होते. त्यांनी आम्हां उभयतांस काही न विचारता दोन तिकिटे आणून हातावर ठेवली. १९९४ मध्ये जुना कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांना आकाश मोकळे झाले होते, म्हणून आयत्या वेळी जागा तरी मिळाली. चोवीस वर्षे विमाने जोडल्यानंतर आम्ही प्रथमच विमानात प्रवासी म्हणून बसलो, तो हा दिवस. जागा पंखाजवळ होती. मुंबई येईपर्यंत आम्ही पंखावरील रिव्हेटांच्या ओळींवरून नजर हलवली नाही. एखादी तिरकी आहे का हे पाहत होतो, की दुसरा विचार टाळत होतो, हे आज सांगता येत नाही. सौ.नी मांडीवरच्या खाऊच्या ताटाला हातही लावला नाही. रात्री नऊच्या सुमारास डोंबिवलीस पोहोचलो. मातुःश्रींनी डोळे उघडले, ओळखले, आणि “एवढ्यात कसे आलात?” असे विचारले. त्यानंतर त्या दोन दिवस होत्या.

ह्याच काळात मराठी माणूस हौसेसाठीही विमानात बसू लागला, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय सहली काढणाऱ्या मराठी मंडळींस द्यावे लागेल. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी ‘केसरी’ सुरू केली. २०१३ मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’ काढली. परदेशी जाऊन पोहे आणि श्रीखंड मागणाऱ्या पर्यटकांची थट्टा आम्हीही केली आहे. पण ज्या मावशींनी आयुष्यात तालुक्याचे गाव सोडले नाही, त्यांना आल्प्सचा बर्फ पाहावयास नेणे हे पोह्यांवाचून झाले नसते, हेही खरे. बंगळूरच्या मराठी घरांत आणखी एक निराळा प्रकार घडला. मुले संगणकाच्या क्षेत्रात गेली, अमेरिकेस गेली आणि लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी आया विमानात बसल्या. ज्यांनी पुण्यापर्यंतही विमान पाहिले नव्हते, त्यांचा पहिलाच प्रवास थेट कॅलिफोर्नियाचा झाला. जानेवारी २०२१ मध्ये कप्तान झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाकडील मार्गाने कोठेही न थांबता बंगळूरला विमान आणले, तेव्हा आमच्या आळीतील चार आजीबाई दूरदर्शन संचासमोर एखादी वरात पाहावी तशा बसल्या होत्या.

तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते बंगळूरहूनच, हे सांगितले पाहिजे. सैन्यातील निवृत्त कप्तान जी. आर. गोपीनाथ यांनी ऑगस्ट २००३ मध्ये ‘एअर डेक्कन’ सुरू केली आणि तिचे पहिले विमान गेले ते मोठ्या शहरास नव्हे, हुबळीस. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातील ‘कॉमन मॅन’ हे त्या कंपनीचे बोधचिन्ह होते. विमानात चहासुद्धा विकत घ्यावा लागे, ह्यावर कित्येकांनी नाक मुरडले. आम्हांस त्याचे काहीच वाटले नाही. मिरजेच्या फलाटावर तरी चहा फुकट कोठे मिळत होता? हुबळीस उतरून बसने बेळगाव गाठणे ही युक्ती सीमाभागातील आमच्या मित्रांनी पहिल्याच महिन्यात शोधून काढली. ती कंपनी पुढे दुसरीत विलीन झाली आणि ती दुसरीही २०१२ मध्ये बंद पडली. परंतु स्वस्त तिकिटाची कल्पना मागे राहिली.

मग २४ मे २००८ रोजी कारखान्याजवळचा जुना विमानतळ प्रवासी विमानांस बंद झाला आणि देवनहळ्ळीचा नवा उघडला. जुना चालू ठेवा म्हणून नागरिकांनी बरीच ओरड केली, ती व्यर्थ गेली. जयनगरहून देवनहळ्ळी चाळीस किलोमीटरांच्या घरात. वाहनांच्या गर्दीत दोन तास घराहून विमानतळापर्यंत आणि मग पावणेदोन तासांत मुंबई, असे हे उफराटे गणित झाले. नवा विमानतळ देखणा आहे, त्याचे दुसरे टर्मिनल तर बागेसारखे आहे. पण आमचे मन जुन्या धावपट्टीतून निघत नाही. मुलानातवंडांना घेऊन तेथील कारखान्याचे संग्रहालय अवश्य पाहावे. तेथे घाटग्यांचे ‘एच-टी-२’ आहे, ‘किरण’ आहे, आणि जवळ जाऊन पाहिल्यास रिव्हेटांच्या ओळीही दिसतात.

आता प्रवासास निघणाऱ्यांसाठी चार शब्द. डिसेंबर-जानेवारीत देवनहळ्ळीस पहाटेचे धुके दाट असते. त्या दिवसांत लग्नाचा मुहूर्त गाठावयाचा असेल तर पहाटेचे विमान न घेता आदल्या दिवशीचे घ्यावे. मुंबईस जाताना डाव्या हाताची खिडकी मागावी. पाऊस सरल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा निवळ असली तर सह्याद्रीची धार आणि तिच्यापलीकडे कोकण दिसते. येताना उजवी खिडकी. पावसाळ्यात केवळ ढग दिसतात, तेव्हा खिडकीसाठी भांडू नये. फराळाच्या पदार्थांपैकी चकल्या, कडबोळी, डिंकाचे लाडू, मेतकूट खुशाल हातात न्यावे. लोणचे, तूप, काकवी हे मोठ्या सामानात घट्ट बांधून द्यावे, नाहीतर तपासणीच्या ठिकाणी सोडून द्यावे लागते. आजोबांचा अडकित्ता हातातील पिशवीत ठेवू नये. सुके खोबरे तर कोठेच चालत नाही, कारण त्यातील तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकते असे मानतात; भ्रमणध्वनीचा जादा विद्युतसंच मात्र उलट हातातच ठेवावा लागतो. वृद्धांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवावी व ती मागण्यात संकोच करू नये. विमान उतरताना लहान मुलांचे कान दुखतात. त्यांना पाणी किंवा दूध पाजत राहावे. गणपती-दिवाळीची तिकिटे दोन-तीन महिने आधी काढावीत, हे सांगावयास नको.

आणखी एक. गेल्या काही वर्षांत लहान गावांना विमानतळ मिळाले: शिर्डीस २०१७ मध्ये, सिंधुदुर्गात चिपीस २०२१ मध्ये. वालचंदांच्या सोलापुरास नियमित विमान पुन्हा मिळावयास २०२५ चा जून यावा लागला. ह्या लहान विमानतळांचे हंगामी वेळापत्रक वारंवार बदलते, सेवा सुरू होते तशी बंदही पडते. तेव्हा कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. निघण्यापूर्वी स्वतः खात्री करावी आणि परतीचे तिकीट हाती असल्याशिवाय गावी शब्द देऊ नये.

कोल्हापूरचा विमानतळ ह्या सर्वांहून जुना. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये, उजळाईवाडीच्या माळावर तो झाला. मधली पुष्कळ वर्षे तेथे गवतच वाढले. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळूरहून कोल्हापूरला थेट विमान सुरू झाले आणि पुढच्या वर्षी, रजा नाही, लग्न नाही, आजारपण नाही, अशा एका साध्या आठवड्यात आम्ही दोघे त्यात बसलो. लहानसे पंख्याचे विमान. खाली तुंगभद्रा दिसली, मग लाल माती काळी झाली, उसाचे हिरवे तुकडे आले आणि डब्यातील दशम्या उघडण्याआधीच उतरण्याची सूचना झाली.

दाराशी थोरले बंधू पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. ऐंशी ओलांडलेली, त्यामुळे ऐकू जरा कमी येते. आम्ही वाकून नमस्कार केला, तर त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि नेहमीच्या सवयीने विचारले, “काय रे, मिरजेला गाडी वेळेवर मिळाली का?”

“मिळाली, दादा,” आम्ही म्हणालो.